सस्पेन्शनवर पैसे घातले आणि गाडी ट्रॅकवर हळू झाली! मदत हवी

तिसरा गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांचे धागे निघतात ते बहुतेक 'किती देते?' या एकाच प्रश्नावर, त्यामुळे जरा बिचकतच लिहितोय. पण मराठीत रडल्याशिवाय मन हलकं व्हायचं नाही.

मी कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला असतो. गाडी टोयोटा जीआर८६, २०२२ची, मॅन्युअल. २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, २२८ हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना. वर्षातून पाच-सहा वेळा विलोजजवळच्या थंडरहिलला जातो. तिथला ईस्ट ट्रॅक साधारण तीन मैलांचा, १५ वळणं, त्यात डावी जास्त.

गेल्या वर्षी सस्पेन्शन कंपनीचंच होतं. पुढे फक्त कँबर बोल्ट (कँबर म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल; उणे म्हणजे वरची कड आत) आणि चांगले टायर (१७ इंची, २४५/४०, २०० ट्रेडवेअरवाले, म्हणजे चिकट रबराचे). फेरी २:१३च्या आसपास यायची. हिवाळ्यात बोनस आला आणि डोकं फिरलं. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उंची बदलता येणारे) घेतले. स्प्रिंग पुढे ८ किलो, मागे ८ किलो (म्हणजे एक मिमी दाबायला लागणारं वजन). गॅरेजवाल्याने गाडी ४० मिमी खाली बसवून दिली, दिसते झकास. ट्रॅक म्हणजे कडक, या हिशोबाने शॉकअपचे नॉबही चारी बाजूंनी शेवटपर्यंत फिरवले.

परवा गेलो. फेरी २:१५!

टर्न २ म्हणजे तिथलं लांबलचक डावं वळण, अर्ध्या वर्तुळाहून मोठं. शिरताना गाडी छान वळते. एक सेकंद, दोन सेकंद, आणि मग अचानक पुढची पकड सुटते. स्टिअरिंग कितीही वळवा, नाक आत यायला तयार नाही. बाहेर पडताना जरा खडबडीत भाग लागला की शेपूट टुणकन उडते. उजव्या पुढच्या टायरची बाहेरची कड दोन दिवसांत भुंडी झाली.

अलाइनमेंट: कँबर पुढे उणे १.८ अंश, मागे उणे २.४. टो (चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलेली) पुढे शून्य, मागे किंचित आत. आणखी एक किरकोळ गोष्ट, घराच्या ड्राइव्हवेवरून तिरकं उतरताना पुढून 'टक्' असा आवाज येतो. त्याचा याच्याशी संबंध नसावा.

बायको म्हणते, त्या पैशांत आईबाबांना दोनदा आणता आलं असतं. तिला काय उत्तर देऊ तेही सांगा.

करवीरकर

भावा, आधी वैनींचं बरोबर हाय एवढं मान्य कर, मग पुढचं बोलू.

आमच्याकडं मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्ट चालवलीय मी. कार्टला स्प्रिंगच नसते, सगळा खेळ चासीच्या लवण्यावर. तुम्ही पैसे घालून गाडीची कार्ट केलीसा आणि आता म्हणताय वळत नाही. वाचायलोय.

सईची आई

मी टेक्ससमध्ये माझदाची छोटी एनडी मिआटा चालवते, ऑटोक्रॉस आणि अधूनमधून ट्रॅक. जेमतेम हजार-अकराशे किलोची गाडी, त्यामुळे माझे आकडे तुला चालणार नाहीत. पण पहिला प्रश्न तोच: टायरमधली हवा किती होती आणि कधी मोजलीस?

सकाळी गार टायरमध्ये ३२ भरून दिवसभर तसाच फिरलास का? दर साडेपाच अंश सेल्सिअसला सुमारे १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढतो. विलोजला सकाळी १५ अंश आणि तिसऱ्या सेशनमध्ये टायरच्या आतली हवा ६०च्या वर, म्हणजे सरळ ८ पीएसआय. चाळिशीला टेकलेल्या टायरवर कुठलंही सस्पेन्शन वाईटच वाटणार. पिटमध्ये आल्या आल्या, गाडी थंड व्हायच्या आत मोजायचं आणि जास्तीची हवा तिथेच सोडायची. चारही चाकं वेगवेगळी मोजायची. तुझ्या ट्रॅकवर उजवी बाजू जास्त तापणार.

दुसरं, एक वही कर. फोनमध्ये नको, हात काळे असताना फोन उघडत नाही.

तिसरा गिअर

हवा: गार असताना ३०, पिटमध्ये उजवीकडे पुढे ३७, बाकी ३४-३५. सोडली नाही. चूक मान्य.

टायरचं तापमान शेजारच्या गाडीवाल्याच्या सुईवाल्या मीटरने घेतलं होतं. उजवा पुढचा: बाहेरची कड ९८, मध्य ९०, आतली कड ७३ अंश. म्हणजे कँबर कमी पडतोय ना? कँबर प्लेट टाकून उणे ३ केला की झालं?

आयफेलवासी

कँबर कमी आहेच. पण धाडकन उणे ३ करण्याआधी उंचीचं बघा. मी न्युर्बुर्गरिंगपासून तासाभरावर राहतो. नॉर्डश्लाइफवर, त्या २०.८ किलोमीटरच्या रस्त्यावर, खाली बसवलेल्या गाड्यांची फजिती दर रविवारी बघतो. फुक्सर्योरं नावाचा उतार आहे, त्याच्या तळाशी गाडी जमिनीत दाबली जाते. तिथे ज्यांची स्प्रिंग संपते त्यांचं पुढचं चाक एक क्षण लाकडाचं होतं.

तुमचं 'दोन सेकंद छान, मग अचानक' हे वर्णन वाचून तीच शंका आली. नुसता कँबर कमी असता तर नाक पहिल्यापासून हळूहळू बाहेर गेलं असतं. अचानक जातंय म्हणजे काहीतरी कशाला तरी टेकतंय.

चाकणकर

आयफेलवासी यांनी नेमकं बोट ठेवलं आहे. मी निवृत्त माणूस, चाकणला शॉकअपच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली. जीआर८६ चालवलेली नाही, पण मॅकफर्सन स्ट्रट (पुढच्या चाकाचा स्प्रिंग-शॉकअपचा एकच उभा खांब) सगळीकडे सारखाच वागतो.

तिसरा गिअर, तुम्ही 'किरकोळ' म्हणून जो टक् आवाज सांगितलात, तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिरक्या उतारावर चाक पूर्ण खाली लोंबतं तेव्हा स्प्रिंग सैल होते, आणि परत वजन आलं की आपल्या वाटीत बसताना वाजते. याचा अर्थ गॅरेजवाल्याने गाडी खाली आणली ती स्प्रिंगखालची रिंग उतरवून. बहुतेक कॉइलओव्हरना दोन जागा असतात: स्प्रिंगखालची रिंग, आणि स्ट्रटचं नळकांडं ज्या खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर फिरतं ती जागा. ब्रॅकेटमधून उंची कमी केली तर शॉकअपचा प्रवास शिल्लक राहतो. रिंग उतरवली तर गाडीबरोबर दांडाही नळकांड्यात उतरतो, आणि बंप स्टॉप, म्हणजे दांड्यावरचं रबराचं टेकण, जवळ येतो.

वळणात बाहेरचं चाक दाबलं जातं, नळकांड्याचं तोंड बंप स्टॉपवर टेकतं. रबर टेकलं की त्या कोपऱ्यात ८ किलोची स्प्रिंग क्षणात कितीतरी पट कडक होते. पुढचं बाहेरचं टायर एकटं सगळं वजन झेलतं आणि हात टेकतं. तुमचे ते दोन सेकंद म्हणजे रबरापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ.

तपासायला खर्च नाही. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्याला, नळकांड्याच्या तोंडाशी, एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा. घट्ट, पण बोटाने सरकेल इतपतच. एक सेशन मारा. परत आल्यावर ती जिथे वर सरकलेली असेल तिथपर्यंत दांडा आत गेला होता. फोटो टाका.

घोडाशक्ती

एवढा अभ्यास कशाला? नाक आत येत नसेल तर मागे जाड अँटिरोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) टाका, प्रश्न मिटला. माझ्या मित्राने हेच केलं, गाडी फिरकीसारखी वळते.

चाकणकर

घोडाशक्ती, वळेल ना. मागचा बार जाड केला की मागच्या बाहेरच्या टायरवर भार वाढतो, मागची एकूण पकड कमी होते आणि गाडी वळल्यासारखी वाटते. पुढची पकड वाढलेली नसते, मागची कमी केलेली असते. दोन्ही टोकं सारखीच वाईट झाली की गाडी 'बॅलन्स' झाली म्हणायचं. यांचं शेपूट आधीच उडतंय, त्यात आणखी भर कशाला?

बार हे शेवटची चिमूटभर साखर घालायचं साधन आहे. मुळात दूध फाटलं असेल तर साखर काय करणार?

करवीरकर

काका, तुमची ही साखर भिंतीवर लिवून ठेवतो.

तिसरा गिअर

काका, हद्द झाली.

काल ट्रॅक नव्हता, पण केबल टाय बांधून घराजवळच्या हायवेच्या गोल रॅम्पवर गेलो. वेग मर्यादेतच. नुसत्या त्या रॅम्पवर टाय बंप स्टॉपमध्ये घुसलेली! पिवळ्या रबरावर तिचा ठसा उमटलाय. गाडी उभी असतानाच नळकांड्याचं तोंड आणि रबर यांच्यात जेमतेम १५ मिमी अंतर होतं. जॅक लावून चाक उचललं तर स्प्रिंग हाताने गोल फिरते. म्हणजे रिंगच उतरवली होती.

आणि एक दिसलं. चाकाला गाडीशी जोडणारा खालचा आर्म सरळ नाहीये, चाकाकडचं टोक वर गेलंय. हे ठीक आहे का?

चाकणकर

ठीक नाही. मॅकफर्सनमध्ये आर्मचं बाहेरचं टोक वर गेलं की दोन गोष्टी बिघडतात. एक, चाक आणखी दाबलं गेल्यावर उणे कँबर वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागतो, म्हणजे गरज असते तेव्हाच टायर बाहेरच्या कडेवर उभं राहतं. तुमची भुंडी कड त्यातलीच. दोन, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते) गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त खाली घसरतं. गाडी खाली बसवूनही कलायची तेवढीच कलते, कधीकधी जास्तच. तुमच्या मागच्या बाजूला डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मवर धरलेलं चाक) आहे, तिथे उलट खाली बसल्यावर कँबर आपोआप वाढला. म्हणून पुढे १.८ आणि मागे २.४. पुढच्यापेक्षा मागचे टायर जास्त सुखात. नाक कसं ऐकणार?

आता स्प्रिंगचा हिशोब, कारण ८-८ म्हणजे सारखं असं तुम्हाला वाटतंय. स्ट्रटची स्प्रिंग चाकाच्या जवळजवळ बरोबरीने हलते, प्रमाण साधारण ०.९५. मागची आत बसलेली असते, प्रमाण साधारण पाऊण. चाकाला जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंग गुणिले त्या प्रमाणाचा वर्ग. पुढे ८ चे ७.२ राहतात, मागे ८ चे फक्त ४.५.

स्प्रिंगवर बसलेलं वजन पुढे एका कोपऱ्याला ३२५ किलो, मागे २७५ धरलं, तर नैसर्गिक कंपनं पुढे सुमारे २.३ हर्ट्झ येतात आणि मागे २. हाच हिशोब कंपनीच्या स्प्रिंगना लावून बघा. जीआर८६ला पुढे २८ आणि मागे ३९ न्यूटन प्रति मिमी आहेत: दोन्हीकडे १.४ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे कंपनीने पुढे-मागे समतोल ठेवला होता, तुमच्या कॉइलओव्हरने तो पुढे सरकवला. सुबारूची बीआरझेड ही त्याच गुन्माच्या कारखान्यातून निघणारी जुळी बहीण, तिला ३० आणि ३५ दिल्या आहेत. एवढ्या फरकावर लोक म्हणतात सुबारू शांत आणि टोयोटा शेपूट हलवते. तुम्ही तर ८ किलो, म्हणजे साधारण ७८ न्यूटन टाकून पुढची पावणेतीन पट कडक केलीत.

पण स्प्रिंग लगेच बदलू नका. आधी उंची. मग कँबर. मग नॉब. एका वेळी एकच.

सईची आई

काकांच्या 'एका वेळी एकच'ला माझं अनुमोदन. मी एकदा एका रात्रीत टायर, अलाइनमेंट आणि बार बदलून गेले होते. गाडी वेगवान झाली आणि कशामुळे ते मला आजतागायत माहीत नाही.

आणि नॉब मधोमध आण. पूर्ण कडक रिबाउंड म्हणजे चाक दाबल्यावर परत खाली यायला वेळ लावणार. तेवढ्यात पुढचा खड्डा येतो, चाक अजून वर, आणि गाडी हळूहळू स्वतःलाच खाली ओढत नेते. मागे हेच होऊन तुझं शेपूट उडत असणार. टायर रस्त्यावर नाही, हवेत आहे.

तिसरा गिअर

अलाइनमेंट दर वेळी बाहेर करायला परवडत नाही. घरी काही करता येतं का?

चाकणकर

गवंड्याचा ओळंबा आहे का? नसेल तर दोऱ्याला जड नट बांधा. सपाट जमीन शोधा, गाडी दोनदा मागेपुढे ढकलून सस्पेन्शन बसू द्या. दोरा चाकासमोर सोडा आणि रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. तुमच्या १७ इंची रिमवर दोन्ही कडांत साधारण ४५ सेंमी अंतर असेल, तर १ अंशाला जवळपास ८ मिमी फरक पडतो. उणे ३ अंश हवा असेल तर वरची कड २४ मिमी आत.

टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरी ताणा. मासे पकडायची नायलॉन दोरी उत्तम, सुतळी लोंबते. आणि टो बघताना ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकी तांदळाची पोती ठेवा.

तिसरा गिअर

पोती नाहीत काका, कॉस्टकोचा बासमती आहे. चार थैल्या आणि मुलगा बसवला.

आयफेलवासी

धाग्याची वाचनखूण साठवली. बासमतीवर अलाइनमेंट केलेली जगातली पहिली जीआर८६.

तिसरा गिअर

अपडेट. पाच आठवड्यांनी थंडरहिलला जाऊन आलो, दोन दिवस.

घरी केलेली कामं: रिंग वर घेऊन स्प्रिंग नुसती बोटाला घट्ट लागेल एवढी आवळली. उंची ब्रॅकेटमधून लावली. आता गाडी कंपनीच्या उंचीपेक्षा फक्त २० मिमी खाली, म्हणजे आधीपेक्षा २० मिमी वर. आर्म जवळपास आडवा आला. मागचा कँबर आपोआप उणे २ झाला. कँबर प्लेटही बसवल्या, पण पहिल्या दिवशी मुद्दाम १.८वरच ठेवल्या.

पहिला दिवस, कँबर तोच, उंची बदललेली, नॉब मध्यावर, हवा गरम असताना ३४वर सोडलेली. टर्न २मध्ये शिरलो आणि तिसऱ्या सेकंदाची वाट बघत होतो. आलाच नाही. नाक थोडं थोडं बाहेर जातं, पण सांगून जातं, ॲक्सिलरेटर जरा सोडला की परत येतं. फेरी २:१३. म्हणजे एवढे पैसे घालून गेल्या वर्षीच्या जागी पोहोचलो. (हे घरी सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे उणे ३ अंश केला. उजव्या पुढच्या टायरचं तापमान आता आत ९२, मध्य ८८, बाहेर ८५. फेरी २:११.८. एकाच झकास फेरीवर भुललो नाही, सलग तीन फेऱ्या अर्ध्या सेकंदाच्या आत आल्या. टर्न ८ला, त्या वेगवान डाव्याला, पहिल्यांदाच ब्रेकला पाय न लावता नुसता ॲक्सिलरेटर सोडून गेलो. पोटात गोळा आला होता.

दुपारी ३९ अंश तापमान, सगळेच हळू झाले, तेव्हाचे आकडे वहीत आहेत पण धरत नाही.

केबल टाय: रबराच्या १२ मिमी अलीकडे थांबलेली. फक्त टर्न ५ला, तो टेकाडावरून आंधळा खाली येतो ना, तिथे कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) चढलो तेव्हा एकदा रबराला लागली.

काका, पुढच्या वेळी पुढची स्प्रिंग ६ किलो करू का? तुमच्या सूत्राने हिशोब केला, पुढे २.०३ आणि मागे २.०२ येतंय.

चाकणकर

हिशोब बरोबर आहे. पण ६ टाकलीत की गाडी पुढे जास्त दाबली जाणार आणि तुमचे ते १२ मिमी खर्च होणार. ६ टाकायची तर त्याच दिवशी केबल टाय पुन्हा नळकांड्याच्या तोंडाशी आणायची. आणि मागचे नॉब तेव्हा हलवायचे नाहीत.

पुढच्या टायरची आतली कडही बघत राहा. उणे ३ घेऊन रोज ऑफिसला गेलात तर आता ती भुंडी होईल.

पोलोपुणेकर

मस्त धागा. माझी पोलो जीटी टीएसआय, कोइंबतूरच्या कारी स्पीडवेला वर्षातून एकदा जातो. पुढच्या चाकांची गाडी, तर मला यातलं काय लागू?

सईची आई

हवा, वही आणि केबल टाय जसंच्या तसं लागू. कँबरही, कारण तुझ्याकडेही पुढे मॅकफर्सनच. स्प्रिंगचे आकडे मात्र उचलू नकोस. मागे तुला बीम ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई) आहे, तिथला सगळा हिशोब वेगळा, त्यावर स्वतंत्र धागा काढ.

करवीरकर

मंडळी, मी पण केबल टाय बांधली. माझ्या रोजच्या गाडीला, शाहूपुरी ते एमआयडीसी. घरी येऊन बघतोय तर टाय जाग्यावरच, पर दांडा तेलानं चिप्प. शॉकअप गेलाय, आणि मी सहा महिनं 'रस्ता खराब' म्हणून महापालिकेला शिव्या घालतोय.

तिसरा गिअर

करवीरकर, पुढचे दोन्ही एकदम बदला, एकच बदलू नका. आणि कॉइलओव्हरच्या वाटेला जाऊ नका, वैनींना मी काय सांगू?